सोमवारी बायकांची वेळ

१६ जुलै २०२२
अबुल खसीब

अबू रिसान यांस,

हे पत्र तू स्वतः वाच, नातवाला वाचायला देऊ नकोस. अक्षर माझं आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. बहिणीला लिहिता येतं हे तुला माहीत असायचं कारण नाही. तुझ्या घरून निघाले तेव्हा मला माझं नावही ओळखता येत नव्हतं.

त्रेचाळीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. एकोणतीस तारखेला शुक्रवारी त्या मेलेल्या पोरीच्या, हवराच्या, काकाच्या दिवाणात, पुरुष बसतात त्या खोलीत, बैठक आहे. मुहर्रम लागायच्या आत रक्ताचं मिटवायचं असं दोन्ही घरांचं ठरलंय आणि पंच म्हणून दोघांनीही तुझंच नाव घेतलंय. त्यांची मागणी तुझ्या कानावर आली असेल. त्यांना माझी नात हवी आहे. बनीन, अकीलची मुलगी, तेरा वर्षांची. ती तू देऊ देऊ नकोस. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर एवढं वाक्य वाच आणि कागद चुलीत घाल.

आता काय झालं ते सांगते, कारण तुझ्यापर्यंत ते पुरुषांच्या तोंडून आलं असणार.

ईदच्या सुट्टीत, सोमवारी, आम्ही सीमेपलीकडे इराणात मुहम्मराला गेलो होतो. गावाबाहेर पाण्याचं उद्यान आहे, घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव असलेलं. बसऱ्यातही एक आहे, पण तिथे एका माणसाला जेवढं पडतं तेवढ्यात पलीकडे आमचं सगळं घर आत जातं आणि वर जेवतं. त्यांचा पैसा बुडाल्यापासून आपली निम्मी माणसं तिकडेच जातात. दात काढायला, तांदूळ आणायला, पोरं भिजवायला. उन्हाळा तुला सांगायला नको. एक्कावन्न अंश, वीज गेलेली, नळाला खारं पाणी. बनीनचा धाकटा भाऊ करार पाच वर्षांचा आहे. तो तीन दिवस ओल्या फरशीवर पोट टेकून झोपत होता.

सोमवारी दुपारी तिथे बायकांची वेळ असते. पुरुषांना आत सोडत नाहीत, सात वर्षांखालची मुलं चालतात. अकीलने आम्हाला गाडीतून नेलं आणि तो बाहेर चहाच्या टपरीवर बसला. सून सातव्या महिन्यात आहे, ती घरी राहिली.

शलामचाच्या नाक्यावरून पुढे जाताना अकीलने गाडीची काच वर केली. तो त्या जमिनीकडे बघत नाही. त्याचा बाप तिथेच कुठेतरी आहे, सत्याऐंशीच्या जानेवारीतल्या लढाईपासून. मी बघते. मला तिथून न बघता जाता येत नाही.

दाराशी सगळ्यांचे फोन काढून घेतात. बनीनने एक आत नेला. पोरबुद्धी. करार उंच घसरगुंडीवर चढला आणि वर जाऊन रडायला लागला. त्याच्या मागे एक मुलगी उभी होती, सतराची, आपल्याच भागातली. तीच हवरा. तिने त्याला मांडीवर घेतलं आणि दोघं खाली आली. बनीनने त्याचा व्हिडिओ काढला. तेरा सेकंदांचा, आणि त्यात हवराचे केस उघडे. तो आईला पाठवायचा होता, पण चुकून आमच्या मजलिसच्या बायकांच्या गटावर गेला. मुहर्रमात कुणाच्या घरी कधी शोकगीतं म्हणायची ते ठरवायला तो गट आहे. दोनशे बायका. पाव तासात काढून टाकला. पण दोनशे बायकांचे दोनशे फोन घरात असतात आणि ते दर वेळी बायकांच्याच हातात असतात असं नाही.

बुधवारी हवरा मेली. तिचा भाऊ सज्जाद, वीस वर्षांचा, त्याने पोलिसांना लिहून दिलं की बंदूक साफ करताना गोळी सुटली.

गुरुवारी संध्याकाळी मी चहा ओतत होते. तीन गाड्या दाराशी थांबल्या आणि हवराच्या लोकांनी घरावर गोळ्या झाडल्या. तुला ही रीत माहीत आहे, तू कितीदा ती दुसऱ्यांच्या घरांवर मिटवली असशील. सून जमिनीवर पडली आणि तिने पोट दोन्ही हातांनी झाकलं. बनीन तिच्यावर पडली. पुढच्या खोलीची भिंत चाळणीसारखी झाली. गच्चीवरच्या टाकीला सात भोकं पडली आणि पाणी भिंतीवरून अंगणात कोसळायला लागलं. करार पळत बाहेर गेला, त्या पाण्याखाली उभा राहिला आणि हात वर करून नाचायला लागला. त्याला वाटलं आम्ही घरी तलाव आणलाय. गाड्या अजून तिथेच होत्या. अकीलने त्याला केस धरून आत ओढलं.

जाताना त्यांनी भिंतीवर लिहिलं : या घराकडून रक्त येणे आहे.

दुसऱ्या दिवशी मागणी आली. हवराच्या बदल्यात बनीन, आणि ती सज्जादला. ज्याने बहीण मारली त्यालाच. तू माझा थोरला भाऊ आहेस, हे मी तुला लिहून दाखवावं अशी वेळ आली आहे.

नशमिया

१९ जुलै

अबू रिसान यांस,

तुमच्या कुर्नाच्या गाडीवाल्याने सांगितलं की पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते उघडलंस, वाचलंस आणि खिशात ठेवलंस. उत्तर दिलं नाहीस. चुलीत घातलं नाहीस हेही काही कमी नाही.

तुला कदाचित विसर पडला असेल की फस्लिया म्हणजे काय. पंचांना तो एक शब्द असतो. कॉफी पिऊन होते, कुणीतरी म्हणतं, एक मुलगी द्या, आणि सगळे घरी जातात. मुलगी पुढे कुठे जाते ते बघायला कुणी थांबत नाही. म्हणून मी सांगते.

तू बावीस वर्षांचा होतास. खजुराच्या बागेला पाणी घ्यायची पाळी जाबिरची होती की तुझी, यावरून वाद झाला. मी तुझी भाकरी घेऊन पाटावर आले होते. तू फावडं उचललंस. जाबिर पाठमोरा होता, बांध फोडायला वाकला होता. पहिला घाव मानेवर बसला तेव्हा त्याने मागे वळून तुझ्याकडे असं बघितलं जणू तू काही विचारलंयस. नंतर तू आणखी दोनदा मारलंस. पाट लाल होऊन आपल्याच बागेत शिरला. त्या वर्षीचे खजूर मी खाल्ले नाहीत. त्याआधीच मी गेले होते.

पंचांनी मला पडद्याआडून विचारलं, तू काय पाहिलंस. मी म्हणाले, जाबिरने आधी हात उचलला. तू मला तसं सांगायला लावलं नव्हतंस. मी आपणहून बोलले. पंधरा वर्षांची होते, मला वाटलं मी भावाला वाचवते आहे. खरंच वाचवलं. पाठीत मारलं असं म्हटलं असतं तर ते रक्ताच्या बदल्यात रक्तच मागणार होते. हात उचलला म्हटल्यावर ते एका मुलीवर तयार झाले.

मला पिकअपच्या मागे बसवून नेलं. गाणं नाही, मेंदी नाही, नवा कपडा नाही. मला दिलं ते जाबिरच्या भावाला, खलफला. त्याची आई दारात उभी होती. तिने माझ्या पायातल्या वहाणा काढून घेतल्या आणि म्हणाली, माझा जाबिर अनवाणी पुरलाय. दोन वर्षं मी अनवाणी होते. म्हशींच्या छपरात झोपायचे. घरातली लहान पोरंसुद्धा मला हाक मारताना फस्लिया म्हणत. ए फस्लिया, पाणी आण. खलफ मला मारायचा, कारण आई दाराआडून ऐकत असायची. आवाज आला नाही तर ती स्वतः यायची, आणि तिच्या हातात लाटणं नसायचं, मुसळ असायचं. एकदा खलफने भिंतीवर पट्टा मारला आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले, ओरड. मी ओरडले. आमचा संसार त्या दिवशी सुरू झाला.

मग इराणशी लढाई सुरू झाली आणि तो तिकडे गेला. आघाडीवरून त्याची पत्रं यायची. ती त्याचा चुलता वाचून दाखवायचा. मला ठाऊक होतं की तो गाळून वाचतो. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला असायचा आणि वाचणं चार वाक्यांत संपायचं. म्हणून मी अक्षरं शिकले. साखरेच्या पुड्यांवरून, औषधांच्या खोक्यांवरून, दुकानांच्या पाट्यांवरून. त्याला एक वर्ष लागलं. तोवर तो मारला गेला होता. मग मी एकेक पत्र काढून वाचलं. अकील झाल्यानंतरच्या प्रत्येकाच्या सुरुवातीला लिहिलं होतं, अकीलच्या आईस. चुलत्याने ते एकदाही वाचलं नव्हतं. तो म्हणायचा, फस्लियाला सांगा, बरा आहे.

मला दुसरं काही शिकायचं नव्हतं. नंतर हाताला लागलं ते सगळं वाचत गेले. पण शिकले त्या दोन शब्दांसाठी.

बनीनला सज्जाद पत्रं लिहिणार नाही.

नशमिया

२३ जुलै

अबू रिसान यांस,

तुझा निरोप मिळाला. गाडीवाल्याने पाठ केला होता, मान खाली घालून त्याने तो म्हणून दाखवला. बायकांची पत्रं दिवाणात चालत नाहीत. बरं. मग हे दिवाणाला नाही, तुला लिहिते.

मय्यत धुणारी बाई आमच्याच मजलिसमधली आहे. काल ती स्वयंपाकघरात बसली आणि तिने चहाला हात लावला नाही. म्हणाली, बंदूक साफ करताना तीनदा सुटत नाही. एक हातात होती, तळव्यातून आरपार. हवराने हात पुढे केला असणार. दोन छातीत. त्याआधी मेंढरं कातरायच्या कात्रीने तिचे केस कापले होते, टाळूची कातडी दोन ठिकाणी सोलली होती. आणि त्या उरलेल्या केसांना, दोन दिवस झाले होते तरी, तलावाच्या औषधाचा वास येत होता. बाई म्हणाली, मी सात पाण्यांनी धुतलं, वास गेला नाही.

हवराची आई बाहेर उभी होती. तिला रडायची परवानगी नव्हती.

भाऊ म्हणून नको, पंच म्हणून ऐक. मी तुला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. फोन बनीनचा नव्हता. माझा होता.

दारावर फोन घेणारी बाई मुहम्मराचीच, आपल्यासारखंच बोलणारी. तिने बनीनचा फोन घेतला, डब्यात टाकला, बिल्ला दिला. मग मला म्हणाली, "खाला, तुमचाही द्या."

मी म्हटलं, "मला कोण फोन करणार गं? माझा नवरा तुमच्याच मातीत पुरलाय. त्याचा फोन आला तर तुला देते."

मागच्या बायका हसल्या. ती लाजली, तिने माझी पिशवी चाचपली नाही. फोन करारच्या टॉवेलात होता. मी मेलेल्या नवऱ्याचं नाव पुढे केलं आणि फोन आत नेला. एवढ्या वर्षांत खलफ मला कशाच्या उपयोगी पडला असेल तर त्याच्या.

कशासाठी नेला? बनीनसाठी. ती पाण्यात हसते तेव्हा तिचा एक दात ओठावर येतो, ते मला ठेवायचं होतं. माझ्या तेराव्या वर्षाचं माझ्याकडे काही नाही, तुझ्याकडेही नाही. बनीननेच मला फोन शिकवला होता, कुठे दाबायचं, कुणाला कसं पाठवायचं. मला वाटायचं अक्षरं शिकले तशी हेही शिकले. करार वर रडत होता, हवराने त्याला मांडीवर घेतलं, आणि मी टॉवेलाआडून बोट दाबलं. गाडीत बसल्यावर सुनेला पाठवायला गेले आणि दोनशे बायकांना पाठवला. उन्हात डोळे दिपले होते, चष्मा पिशवीत होता.

घरावर गोळ्या झाडल्या त्या संध्याकाळी अकील ओरडत होता, कुणी काढला तो, कुणी. त्याच्या हातात पाण्याच्या टाकीचा लोखंडी नळ होता. मी तोंड उघडायच्या आधी बनीन म्हणाली, मी. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला वाटलं ती मला वाचवते आहे.

आणि मी गप्प राहिले. एक श्वास गप्प राहिले, मग दुसरा, मग अकीलने नळ फेकला आणि तिच्या थोबाडीत मारली, आणि मग बोलायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला सांगितलं. पोरीला बाप मारेल आणि विसरेल, असा मी विचार केला. मागणी येईल असं वाटलं नव्हतं. हे खरं नाही. वाटलं होतं.

त्या व्हिडिओत हवरा हसते आहे. करारच्या कानात काहीतरी सांगते आहे, केस तोंडावर आलेत, ते बाजूला करायला हात मोकळा नाही कारण दोन्ही हातांनी तिने त्याला धरलंय. मी तो अजून पुसलेला नाही. पुसायला हवा.

आता तुला माझी दोन खोटी बोलणी माहीत आहेत. दोन्हींच्या आड एकेक पोर उभी आहे.

नशमिया

२७ जुलै

अबू रिसान यांस,

मी अकीलला खरं सांगितलं. तो बराच वेळ टाकीच्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकत राहिला. मग खाली आला आणि त्याने मला मारलं. दोनदा, उघड्या हाताने. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. माझा डावा कान अजून वाजतो आहे. नंतर तोच जमिनीवर बसला आणि माझ्या पायांना डोकं लावून रडला. त्याचा बाप असाच रडायचा, पण आवाज न करता.

तो म्हणाला, यम्मा, गप्प राहा. तू म्हणालीस म्हणून ते तुला नेणार आहेत का? म्हातारीला कोण नेतं? ते म्हणतील या घराने खोटं सांगून आमची चेष्टा केली, आणि दोन पोरी मागतील. आणि पोटात जर मुलगी असेल तर तिच्यासाठीही शब्द घेतील. त्याच्या बोलण्यात चूक नाही. त्याला तीन जीव सांभाळायचे आहेत आणि चौथा यायचाय, आणि त्यासाठी तो एक द्यायला निघालाय. तू तरी त्याला काय नावं ठेवणार?

बनीनने काल माझ्या अंथरुणात येऊन विचारलं, "बीबी, फस्लियाला शाळेत जाता येतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तू कशी शिकलीस?"

मी तिला साखरेच्या पुड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, आता साखर प्लास्टिकच्या पिशवीत येते, त्याच्यावर फक्त एकच शब्द असतो. मग झोपली. मी तिचे पाय बघत बसले. तिच्या वहाणा दाराशी होत्या, निळ्या, ईदला घेतलेल्या. उठून मी त्या माझ्या उशाखाली ठेवल्या. म्हातारीचं खूळ, दुसरं काय.

शुक्रवारी मी येणार आहे. बायकांची पत्रं चालत नसतील, तर मी पत्र नाही.

नशमिया

३१ जुलै

मतशर,

आज तुला रिसानचा बाप म्हणून नाही, तुझ्या नावाने लिहिते. तू तिथे होतास, पण बराच वेळ खाली गालिच्याकडे बघत होतास. म्हणून जे मला दिसलं ते लिहिते.

चाळीस पुरुष होते. एका भिंतीला हवराचे, दुसऱ्या भिंतीला अकील आणि खलफचं, म्हणजे जाबिरचंही, सगळं कूळ. मधे तू. तुझ्यापुढे कॉफीचा पेला भरून ठेवला होता. मागणी मान्य झाली की पंच तो पितो, तोवर नाही. मला हे लहानपणापासून माहीत आहे. मी आले तेव्हा पेला तुझ्या हातात होता.

दारातल्या माणसाने मला सांगितलं, म्हातारे, स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे. दोघंतिघं हसले. मी म्हटलं, "फोन माझा होता. व्हिडिओ मी काढला. पोर खोटं बोलते आहे."

अकील उठला. हवराच्या काकाने हात वर केला आणि शांतपणे सांगितलं की दिवाणात बाईचं बोलणं धरत नाहीत, तिला कुणीतरी घरी न्या. मला त्याचा राग आला नाही. तो रीत सांगत होता. मग मी रीतच केली. बाईने डोक्याचा रुमाल काढून पुरुषांपुढे टाकला की त्यांना ऐकावं लागतं, हेही रीतीतच आहे. तुमच्यापैकी कुणी ते विसरलं नव्हतं.

मी रुमाल काढला, पिना काढल्या आणि केस सोडले.

"केस दिसले म्हणून तुम्ही एक पोर मारली," मी म्हटलं. "हे घ्या. हे फुकट आहेत. फोन काढा आणि घ्या व्हिडिओ."

रुमाल तुझ्या गुडघ्यापुढे पडला. एकोणचाळीस माना खाली गेल्या. एक सज्जाद बघत राहिला. गालावर मुरुमं आहेत त्याच्या, मिशी नीट फुटलेली नाही. माझे केस पांढरे आणि विरळ आहेत, बघण्यासारखं त्यात काही नाही, पण त्याला नजर काढता येत नव्हती. त्याचे हात मांडीवर होते आणि बोटं कात्रीसारखी उघडमीट करत होती. त्याला ते कळत नव्हतं.

मग तू पेला खाली ठेवलास. मला वाटलं तू मला हाकलशील. तू रुमाल उचललास, झटकलास, उभा राहिलास. म्हातारा झालायस. माझ्या डोक्यावर तो घातलास तेव्हा मला तंबाखूचा वास आला. बाबांचा. त्रेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझ्या डोक्याला मारण्यासाठी नाही, झाकण्यासाठी हात लावला.

तू हवराच्या लोकांकडे वळलास, पण बोललास जाबिरच्या लोकांशी. "जाबिरने हात उचलला नव्हता. मी त्याला पाठीत मारलं. ही माझ्यासाठी खोटं बोलली आणि त्या खोट्यावर तुम्ही हिला नेलंत. एक मुलगी खोट्यावर गेली. दुसरी जाणार नाही. ज्याला रक्त हवं असेल त्याने माझ्याकडे यावं."

जाबिरचा मुलगा तिथे होता. बाप मेला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. त्याच्या तोंडाचा रंग उतरत गेला ते मी पाहिलं. तूही पाहिलंस, तरी तू बसलास आणि निवाडा दिलास : मुलगी द्यायची नाही, ज्या हाताने चूक केली तो हात सात वर्षं या भागाबाहेर राहील. मग हवराच्या काकाने तुझा थंड पेला उचलून ओतून टाकला आणि मान्य म्हणून दुसरा भरला.

सज्जादला कुणी काही विचारलं नाही. त्याचा निवाडा करायला कुणी बसलंच नव्हतं.

मी उद्या निघते. बनीनला निळ्या वहाणा परत दिल्या. ती म्हणाली, बीबी, मी शोधत होते.

नशमिया

६ जून २०२३
मुहम्मरा

खुया,

भाऊ म्हणायला मला एवढा वेळ लागला. तुझं पत्र पोचलं. तुझ्या घरात माझी जुनी खोली झाडून ठेवली आहे असं लिहितोस. असू दे झाडलेली. मी येणार नाही. सात वर्षं इथेच काढेन, मग बघू.

तुझ्या पायाचं कळलं. मांडीतून गोळी गेली आणि आता काठीशिवाय चालता येत नाही. कुर्नाच्या रस्त्यावर, भर दुपारी, मागून. तू पोलिसांना सांगितलंस की बंदूक साफ करताना सुटली. हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ते एक खून झाकायला होतं. या वेळी एक खून थांबवायला आहे, कारण तू नाव घेतलं असतंस तर तुझा रिसान बंदूक घेऊन गेला असता आणि मग आणखी कुणाच्या तरी पोरीला पिकअपमध्ये बसवलं असतं. गाडीवाला सांगत होता की जाबिरच्या मुलाने तुझ्या दारात तांदळाची गोणी आणून ठेवली आणि निघून गेला. ती परत पाठवू नकोस.

मी एका विधवेच्या घरी राहते. तिचा नवरा त्याच जानेवारीत गेला, आघाडीवरच्या बांधाच्या पलीकडच्या बाजूने. तो माझ्या खलफच्या गोळीने गेला असेल, किंवा खलफ त्याच्या. आम्ही याबद्दल एकदाच बोललो. ती म्हणाली, चहात वेलची घालू का.

काम मिळालं आहे. हसशील. त्याच पाण्याच्या उद्यानात, बायकांच्या वेळेला, दारावर फोन गोळा करायचं. आधीची बाई लग्न करून अहवाजला गेली. मी टॉवेल झटकून बघते, थर्मासचं झाकण उघडते, रोट्यांच्या चळतीत हात घालते, तान्ह्यांच्या दुपट्यांतसुद्धा बघते. बायका मला शिव्या देतात. एक म्हणाली, ही म्हातारी मेल्यावर कबरीच्या दारातही झडती घेईल. मी कुणाच्याही नवऱ्याचं नाव ऐकून घेत नाही.

बनीन आठवीत गेली. अकील महिन्यातून एकदा तिला आणि करारला घेऊन येतो आणि बाहेर टपरीवर बसतो. सुनेला मुलगी झाली. माझं नाव ठेवायचं म्हणत होते. मी नको म्हटलं, तिचं नाव हवरा ठेवा, आणि अकीलने ऐकलं. हवराच्या आईने सातव्या दिवशी कुणाच्या तरी हाती लहान झबलं पाठवलं. सोबत निरोप नव्हता.

काल सोमवार होता. बसऱ्याची एक मुलगी आली, सतरा-अठराची. रोटीत गुंडाळलेला फोन माझ्या हाताला लागला. ती म्हणाली, "खाला, एकच काढते. वरून खाली येतानाचा. लगेच आणून देते तुम्हाला."

मी तिला काहीच सांगितलं नाही. तिला का म्हणून सांगायचं? ती भिजायला आली होती. मी फोन डब्यात टाकला, तिला बिल्ला दिला आणि म्हटलं, "जा, चढ वर. मी बघते तुझ्याकडे."

मग दार दुसरीवर सोपवून मी आत गेले आणि तलावाच्या कडेला उभी राहिले. ती वर पोचली, तिने खाली बघितलं, मला शोधलं, हात केला. मी हात केला. ती खाली आली तेव्हा तिचे सगळे केस तोंडावर आले होते आणि ती हसत होती.

ते मी पाहिलं. त्याचा व्हिडिओ कुणाकडेही नाही. हवराचा मात्र अजून आहे. आज हे पत्र बंद केलं की पुसणार आहे. तिचं हसू मला आता पाठ झालंय.

तुझी बहीण
नशमिया